कौसाबाईचा बांधलेला अंगठा

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची सदस्य कौसाबाई हिनं आपल्या डाव्या हाताचा अंगठा सलग दोन वर्षं चिंधीत बांधून ठेवला होता. अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं.

हे गावाला बरेच दिवस माहीत नव्हतं. कुणी म्हणे नखुरडं झालंय, कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे विंचू चावला आणि विष अंगठ्यातच राहिलंय. चिंधी दर आठवड्याला धुतली जाई, पोळ्याला बदलली जाई आणि दिवाळीला तिला जुन्या पातळाचा जरीचा काठ असे. माझ्या बायकोनं एकदा काळजीनं हळद-चुन्याचा लेप करून पाठवला. कौसाबाईनं त्याला नाही म्हटलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर तिच्या शेळीच्या पायाला लेप लावलेला होता.

"मावशी, लेप अंगठ्यासाठी होता," मी म्हटलं.

"अंगट्याला काय झालंय? शेळी लंगडायलीय."

"मग बांधलाय कशाला?"

"गुर्जी, अंगटा उघडा ठिवला की कागद येऊन चिकटतंय त्याला. दोनदा फसलाय ह्यो. तिसऱ्या खेपंला फसू द्यायचा न्हाई."

त्यातलं एक फसणं मला ठाऊक होतं. दुसरं कोणतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सांगीन कवातरी," आणि शेळीकडं वळली. मीही विसरून गेलो.

मी त्या गावात प्राथमिक शिक्षक होतो. गाव झरीच्या पुढं. नाव सांगत नाही, कारण त्या वेळच्या पंचायतीतले काही लोक अजून धडधाकट आहेत आणि मला सकाळी फिरायला जायची सवय आहे. शाळेत मी आणि आणखी एक गुरुजी. गावात कुणाला अर्ज लिहायचा असेल, पत्र वाचायचं असेल, लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी घालायचं यावरून भांडण असेल, तर लोक माझ्याकडं येत. माझं अक्षर चांगलं होतं. ते मी सांगायला नको, पण त्याच अक्षरानं पुढं माझी शोभा केली, म्हणून सांगतो.

पंचायतीत बायकांच्या जागा राखीव झाल्याची बातमी परभणीहून आली तेव्हा आमचे सरपंच दादाराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले आणि कामाला लागले. सात जणांच्या पंचायतीत दोन बाया घ्यायच्या होत्या. एका जागेवर त्यांनी स्वतःच्या बायकोला, द्वारकाबाईला, उभं केलं. तो प्रश्न घरातल्या घरात मिटला. दुसऱ्या जागेसाठी त्यांची अट एकच होती.

"बाई पायजे, पर बोलनारी नको."

अशी बाई गावात शोधणं म्हणजे कापसात पांढरं बोंड नको म्हणण्यासारखंच होतं. पण दादारावांना ती सापडली. पिठाच्या गिरणीवर त्यांनी कौसाबाईला लागोपाठ चार दिवस गालाला हात लावून गप्प बसलेलं पाहिलं. बायका भांडत होत्या, नंबरावरून ओरडत होत्या, ही मान खाली घालून बसलेली. विधवा, एकटी, मागं पुढं कुणी नाही, दोन एकर कोरडवाहू. नवरा होता तोवर दर साल ऊसतोडीला जायची, तो गेल्यावर तेही बंद. एक मुलगी होती, ती पाथरीकडं दिलेली. दादाराव म्हणाले, हीच. फॉर्म मीच भरला. कौसाबाई बिनविरोध निवडून आली.

ती गप्प होती कारण तिची दाढ दुखत होती. निवडणुकीनंतर तिसऱ्या दिवशी तिनं दाढ काढून घेतली. पण तेव्हा गॅझेटात नाव छापायला गेलेलं होतं.

आता सभेची रीत सांगतो. आमच्याकडं सभा होत नसे, सभा लिहिली जात असे. ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या गळ्यात चार गावं होती. महिन्यातून एकदा ते सायकलवर येत, सरपंचांच्या ओसरीवर बसत, चहा घेत आणि मला बोलावणं येई. भाऊसाहेबांचं अक्षर असं होतं की त्यांचं त्यांनाही लागत नसे. ते सांगत, मी प्रोसिडिंगच्या बुकात लिहीत असे. 'सभेस खालीलप्रमाणे सदस्य हजर होते' इथपासून 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली' इथपर्यंत. मग पंचायतीचा शिपाई मारुती ते बूक काखेत आणि शाईचं पॅड खिशात घालून गावात फिरे. पुरुष सदस्य पारावर सापडत. बायांच्या घरी बूक जाई. बाईमाणसानं कशाला कचेरीत यायचं, उगीच तकलीफ, असं त्यामागचं सौजन्य होतं.

द्वारकाबाई आतल्या घरातून सही करून पाठवी. ती पिंगळी गावची लेक, सातवी पास, सही फर्डी. कौसाबाई चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता, पिठाचा हात तसाच पुढं करून अंगठा देई. त्या वर्षीच्या प्रोसिडिंगच्या पानांना ज्वारीच्या पिठाचा वास येत असे. अशा रीतीनं चुलीपुढून न उठता तिनं वर्षभरात बारा सभांना हजेरी लावली, तीन समित्यांवर काम केलं आणि पंचायत समितीच्या सभापतींच्या अभिनंदनाचा ठरावही मांडला. सभापती तिनं पाहिलेले नव्हते.

आणि मग गोदरीचं प्रकरण झालं.

गोदरी म्हणजे गावाबाहेरची बायकांची जागा. ओढ्याच्या अलीकडं वेड्या बाभळीचं दाट बन होतं. पहाटे आणि दिवस मावळल्यावर गावातल्या बाया डबडं घेऊन तिकडं जात. सगळ्या जातींच्या, सगळ्या वयांच्या. पुरुष तिकडं फिरकत नसत. दुसरी आडोशाची जागा गावाला नव्हती.

एका सकाळी बायका गेल्या तर रातोरात बाभळी तोडलेल्या, भोवती तारेचं कुंपण आणि मधोमध दादारावांचा पुतण्या लंगोट लावून जोर काढत होता. तिथं व्यायामशाळा होणार होती. बायका आल्या तशा मागं फिरल्या आणि जाताना कुणीतरी पुतण्याला विचारलं, ही जागा कुणी दिली. तो जोर न थांबवता म्हणाला, "कौसामावशीनं."

दिवस कासराभर वर यायच्या आत तीस-पस्तीस बाया भरली डबडी हातात घेऊन कौसाबाईच्या दारात उभ्या होत्या. जे काही बोलल्या ते छापण्यासारखं नाही. त्यातलं एक वाक्य छापतो, कारण ते पुढं म्हण झालं. म्हातारी गंगूआजी म्हणाली, "कौसे, आता तुझ्या दारातच बसू का?"

कौसाबाई तशीच उठली आणि शाळेत आली. प्रार्थना चालू होती. तिनं ती संपू दिली. मग म्हणाली, "गुर्जी, बूक आना."

मी मारुतीकडून बूक मागवलं आणि वाचलं. 'गावाच्या पश्चिमेस ओढ्यालगतची जागा पडीक असून तिचा कोणीही वापर करीत नाही. सबब सदर जागा तरुणांच्या व्यायामशाळेसाठी देण्यात यावी. सूचक, श्रीमती कौसाबाई. अनुमोदक, सौ. द्वारकाबाई. ठराव सर्वानुमते मंजूर.'

"कोनीबी वापर करीत न्हाई?" कौसाबाईनं विचारलं.

"असं लिहिलंय."

"सूचक म्हंजे काय वो?"

"ज्यानं सुचवलं तो."

"म्या सुचवलं? कवा?"

"बारा तारखेला. दुपारी."

"दुपारी मी भाकरी थापायले व्हते." ती बुकाकडं पाहत राहिली. पानावर तिच्या अंगठ्याच्या बाजूला पीठ वाळलेलं होतं. मग तिनं बोट ठेवून विचारलं, "हे कुनी लिव्हलं?"

"भाऊसाहेबांनी सांगितलं," मी म्हटलं.

"लिव्हलं कुनी?"

"मी."

पानावरून बोट फिरवत तिनं माझ्या वेलांट्या पाहिल्या. माझ्या वेलांटीला एक शेपूट असते, ती मी हौसेनं काढत असे. मग ती घरी गेली, पदराची एक पट्टी फाडली आणि अंगठा बांधला.

पुढच्या महिन्यात मारुती बूक घेऊन गेला आणि हात हलवत परत आला. "अंगटा दुखायलाय म्हनती," त्यानं सांगितलं. भाऊसाहेब स्वतः गेले. कौसाबाईनं त्यांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "वाचा. पह्यल्यापसून."

तेव्हापासून हे वाक्य भाऊसाहेबांच्या स्वप्नात येऊ लागलं. एक ओळही गाळलेली चालत नसे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' असं आलं की ती विचारी, "कुनी वाचलं? मला कसं ऐकू आलं न्हाई? मंग मागलंबी वाचा." मागलं वाचलं की त्याच्यातही तेच वाक्य असे, म्हणजे त्याच्या मागलं वाचणं आलं. एकदा भाऊसाहेब अशा रीतीनं सात महिने मागं गेले आणि त्यांची सायकल दिवस मावळल्यावर तिच्या दारातून निघाली. गल्लीतल्या बाया धुणं-निवडणं घेऊन ऐकायला बसत. एखादी मध्येच म्हणे, "खडी कुटं टाकली म्हनलात? आमच्या गल्लीत? कवा?" भाऊसाहेबांना घाम फुटे. कौसाबाईचं डोकं असं की एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. दुसऱ्यांदा वाचताना शब्द फिरवला तर लगेच धरी. सगळं पटलं तरच चिंधी सुटे, अंगठा उमटे आणि चिंधी परत बसे. न पटलं तर भाऊसाहेब निघत आणि पोतं घडी घालून ठेवलं जाई.

वाचनाचं हे वेड पंचायतीपुरतं राहिलं नाही. ती माझ्याकडून युरियाचं पोतं वाचून घेई, साबणाचं वेष्टण वाचून घेई, एसटीची पाटी वाचून घेई आणि पाटीवरलं गाव माहीत असूनही, "नक्की तेच लिव्हलंय का?" असं विचारी. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला नाव द्या म्हणणारे आमच्या शाळेची भिंत रंगवत, मग देऊ नका म्हणणारे तीच भिंत रंगवत, आणि आम्ही दोघं गुरुजी दोन्हीकडं पाठ करून मुलांना पाढे शिकवत असू. गावात वातावरण असं होतं की कुठली घोषणा कुठल्या गल्लीत मोठ्यानं वाचली यावरून डोकी फुटली असती. एके दिवशी कौसाबाईनं मला भिंतीपुढं उभं केलं.

"वाचा."

मी इकडं तिकडं पाहिलं आणि पुटपुटलो.

"भित्तीवर एवढालं मोठं लिव्हलंय, आन् तुमी एवढं बारीक कामून वाचायलाव?"

"मावशी, मला नोकरी आहे."

"मंग भित्तीला नोकरी न्हाई म्हनून ती बोलायलीय व्हय?"

मी हसून वेळ मारून नेली. ती मात्र भिंतीकडं पाहत म्हणाली, "नाव द्या म्हनायलेत तर देऊन टाकावं. कुनाचं काय जायलंय? नाव काढून घेतलं तर मानसाला लय लागतंय, गुर्जी." आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, बाईला राजकारण कळायला लागलं.

इकडं व्यायामशाळा बांधून झाली. पुतण्याचा व्यायाम पंधरा दिवसांत आटोपला आणि तिथं दादारावांचा कडबा येऊन पडला. बाया ओढा ओलांडून लांब जाऊ लागल्या. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की कुणाच्या तरी बांधाला जाऊन शिव्या खात. म्हाताऱ्या बाया दिवसा पाणी प्यायच्या बंद झाल्या. गंगूआजी अंधारात ओढ्याच्या दगडावरून घसरली, तिचा खुबा मोडला, ती पुन्हा उठलीच नाही. तिच्या दिवसांना कौसाबाई गेली, तेव्हा कुणी तिला काही बोललं नाही. न बोलण्याचंच तिला जास्त लागलं असावं. मी तेव्हा गंमत म्हणून पाहत असलेला अंगठा तिच्या दृष्टीनं काय होता, हे मला त्या दिवशी थोडं कळलं.

मग एक दिवस दादारावांना अंगठ्याची फारच गरज पडली. परभणीहून मोठे साहेब व्यायामशाळेचं उद्घाटन करायला येणार होते. त्याआधी इमारत समाधानकारक पूर्ण झाल्याचा पंचायतीचा ठराव हवा होता. दिवस ऊसतोडीचे. सातांपैकी तीन सदस्य बायकापोरांसह कारखान्यावर गेलेले. उरले चार. स्वतः दादाराव, द्वारकाबाई, किसनबुवा आणि कौसाबाई. चौघं असल्याशिवाय कोरम होत नव्हता. किसनबुवांचा प्रश्न नव्हता. ते पंच्याऐंशीचे होते, ठार बहिरे, आणि तीस वर्षं सरपंचांच्या शेजारी बसत. सरपंचांनी कोपर मारलं की ते हात वर करत. त्यांनी आजवर कुठल्याही ठरावाला विरोध केला नव्हता, कारण कुठलाही ठराव त्यांना ऐकू आला नव्हता.

या वेळी कौसाबाई बुकाची वाट पाहत घरी बसली नाही. डोक्यावर पदर, अंगठ्याला जरीची चिंधी, अशी ती थेट कचेरीत आली आणि दादारावांच्या आधी किसनबुवांच्या शेजारची जागा धरून बसली. कचेरीत बाई आल्यामुळं विड्या विझवाव्या लागल्या. दादारावांना समोरच्या खुर्चीवर बसावं लागलं.

"मावशी, तुमी कामून आलाव? बूक घरी आलं असतं की," दादाराव गोड आवाजात म्हणाले.

"अंगटा देते. पर आदी मपला ठराव घ्या. मंग तुमचा."

दादारावांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "घेऊ की. अनुमोदक कुठाय तिला?" दोघांनाही हसू आलं. मला लिहायला सांगितलं.

कौसाबाईनं एकेक शब्द मोजून सांगितला. "ओढ्याजवळची जागा बायकांची व्हती. ती बायका वापरीत व्हत्या. ती बायकांना परत द्यावी. कडबा काढावा. त्या इमारतीत भित्ती घालून संडास करावेत. प्रत्येकाला दार पायजे, आन् कडी आतून पायजे. आतून, गुर्जी. लिव्हलं का?"

"लिहिलं."

"सूचक?"

"कौसाबाई."

"ह्या खेपंला खरंच हाय," ती म्हणाली.

"अनुमोदक कोन?" दादारावांनी विचारलं आणि खुर्चीत रेलले.

"द्वारकाबाईला इचारा."

"ती कशी येनार इथं? घरी हाय ती."

"मंग बूक धाडा की घरी. बाईमानसाच्या घरी बूक धाडायची आपली रीतच हाय. मारुती, जा."

दादाराव नाही कसं म्हणणार? आजवर त्यांनीच बूक घरी धाडलं होतं. मारुतीनं सवयीनं बूक काखेत घातलं आणि गेला. सरपंचांच्या घरीही संडास नव्हता, आणि तेव्हा द्वारकाबाईची सून पोटुशी होती, हे कचेरीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दादारावांनाही होतं, पण त्यांच्या लक्षात ते तेव्हाच आलं असावं.

मारुतीला यायला वेळ लागला. आला तो म्हणाला, "बाईंनी आदी वाचलं. दोनदा वाचलं. मंग सही दिली. आन् सांगितलंय, दाराला वरून छप्परबी पायजे म्हनून लिवा."

"मतं घ्या," कौसाबाई म्हणाली, आणि तिनं किसनबुवांना कोपर मारलं.

किसनबुवांचा हात वर गेला. तीस वर्षांत कधी गेला नव्हता इतका ताठ गेला. दादारावांनी हातवारे केले, डोळे वटारले. बुवांना वाटलं हात नीट दिसत नाही, त्यांनी दुसराही वर केला.

तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर. मग चिंधी सुटली आणि दादारावांच्या ठरावावर अंगठा उमटला. इमारत समाधानकारक पूर्ण झाली होती, फक्त ती आता व्यायामशाळा नव्हती. परभणीच्या साहेबांनी चार महिन्यांनी येऊन सहा संडासांचं उद्घाटन केलं आणि भाषणात दादारावांच्या पुरोगामी दृष्टीची स्तुती केली. दादाराव हार घालून उभे होते. पुढं ते स्वतःच सांगत फिरत की ही कल्पना त्यांची. कौसाबाईनं त्याला हरकत घेतली नाही. उद्घाटनानंतर ती आत गेली, सहाही दारांच्या कड्या आतून लावून पाहिल्या आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुलूप लावत होतो, तर ती दारात उभी. अंगठा उघडा होता. दोन वर्षं ऊन न लागल्यामुळं पांढरा, सुरकुतलेला. चिंधी तिनं हातात धरली होती.

"गुर्जी, एक वाचायचं राह्यलंय."

"कुठलं बूक?"

"पंचायतीचं न्हाई. तुमचं. अनशी चवथीला व्हती त्या सालचं."

मी कपाट उघडलं. जुन्या अर्जांचा गठ्ठा काढला, धूळ झटकली. तिची मुलगी अनुसया चौथीला होती ते माझं या गावातलं दुसरं वर्ष. मला ती पुसट आठवत होती, पहिल्या बाकावर बसणारी, वाचायला सगळ्यांत पुढं. अर्ज सापडला.

"वाचा. पह्यल्यापसून."

'माझी मुलगी कु. अनुसया, इयत्ता चौथी, हिची घरकामासाठी आवश्यकता असल्यामुळे व तिला स्वतःला शिकण्याची इच्छा नसल्यामुळे तिचे नाव शाळेच्या पटावरून कमी करण्यात यावे.' खाली अंगठा. वेलांट्यांना शेपट्या.

तेव्हाची आमची रीत सांगायला हवी. ऊसतोडीला निघालेल्या घरांतली मुलं चार-पाच महिने गैरहजर राहत. हजेरी घसरे, तपासणीला आलेले अधिकारी रागावत. म्हणून आम्ही काय करायचो, तर मुलग्यांची नावं ठेवायची आणि मुलींची काढायची. मुलीचं नाव का काढलं हे विचारायला कुणी येत नसे. 'शिकण्याची इच्छा नसल्यामुळे' हे वाक्य मी सगळ्या अर्जांत घालत असे, कारण ते एकदा हातात बसलं होतं. बैलगाडी जुंपलेली असताना मी तिच्याकडं कागद नेला होता आणि म्हणालो होतो, कारखान्यावर जायची रजा आहे, घाला अंगठा. तिनं घातला.

"होळीनंतर आमी आलो," कौसाबाई म्हणाली, "आन् अनशी दप्तर घिऊन पळतच आली इकडं. तुमी तिला ह्यो कागद दावला."

दाखवला असेन. तिनं तो वाचलाही असेल, जोडाक्षरांवर न अडखळता. मीच शिकवलं होतं तिला.

"घरी येऊन मला म्हनली, माय, म्या कवा म्हनले मला शिकायचं न्हाई? म्या काय सांगू? अंगटा मपलाच व्हता. मला वाटलं, कागदात तसंच असंल. कागद कशाला खोटं बोलंल? पुढल्या सालांत तिचं लगीन झालं. दोनचारदा आली. आता सात वर्सं झाली, पंचमीला न्हाई का दिवाळीला न्हाई. लोकाला वाटतंय सासरचे धाडीत न्हाईत." तिनं अर्जावर बोट ठेवलं. "मंग तुमी गोदरीचा ठराव वाचला, तवा कळलं, कागदबी खोटं बोलतंय. आन् अक्षर तेच व्हतं. मला वाचाया येत न्हाई गुर्जी, पर अक्षर वळखू येतंय."

म्हणजे दोन वर्षं तिला माहीत होतं. पोती, साबण, भिंत, सगळं माझ्याकडून वाचून घेताना माहीत होतं. मला तिची माफी मागायची होती. इतके अर्ज लिहिले, पण असला कधी लिहिला नव्हता.

"कागद घ्या," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिवा."

मी लिहिलं. 'माझी मुलगी अनुसया हिला शिकण्याची इच्छा होती. तिचे नाव मी काढले नाही.' तिनं अंगठा उमटवला. मग कागद माझ्याकडं सरकवला. "आता कुनी काढलं ते लिवा. आन् त्याखाली तुमची सही."

मी लिहिलं आणि सही केली. सवयीनं हुद्दाही लिहिला.

"वाचा. पह्यल्यापसून."

मी वाचू लागलो, पण पहिल्याच ओळीत नजर दाराकडं गेली आणि मी पुटपुटू लागलो.

"बारीक कामून वाचायलाव? शाळा सुटलीय. कुनी न्हाई ऐकायला."

मी पुन्हा मोठ्यानं वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि कागदाची घडी अंगठ्याच्या चिंधीत गुंडाळून कमरेला खोचली. मी पोस्टात टाकतो म्हटलं तर नको म्हणाली.

"उद्याच्या पाथरीच्या गाडीनं मीच घिऊन जाते. तिच्या हातात देते. तिला वाचाया येतंय."

ती गेली. गठ्ठा माझ्यापुढं उघडाच होता. त्यात तसे आणखी अकरा अर्ज होते, सगळे मुलींचे, सगळे माझ्या अक्षरात. मी खाली बसलो आणि एकेक वाचू लागलो, पहिल्यापासून.